उंबऱ्यावरची बरणी

माझ्या ग्लाफिराला तुझ्या लुक्यानचा मॉस्कोहून वाकून नमस्कार.

मी सुखरूप पोहोचलो. गुडघा ठीक आहे, म्हणजे दुखतो, पण तू मनाला लावून घेऊ नकोस. शेळी चारा खाते ना?

सिनेमात रक्तपिपासू पिशाच्च होऊन आपला पोरगा रोद्या खरंच बिघडला की काय, हे बघायला तू मला धाडलंस. तर ऐक. काल एका जुन्या इमारतीच्या जिन्यावर चित्रीकरण होतं. सिनेमातल्या दुष्टाला बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. म्हणून रोद्याने बाहेरूनच एका म्हातारीच्या हातून दुधाचा पेला घ्यायचा होता. पण दर वेळी त्याचा पाय आपोआप आत जायचा!

दिग्दर्शिका ओरडली, "अरे राक्षसा, तुला काय जेवायला बोलावलंय?"

"बाई, उंबऱ्यावरून काही घेतलं की घरात भांडणं होतात. आई हातावर फटका मारायची."

सगळे हसले. मला मात्र वाटलं, आता पोराचं काम जातंय! पण म्हातारीचं काम करणारी नटी म्हणाली, "माझीही आई मारायची. मीच बाहेर येते." घर सोडून ती त्याच्यासमोर आली, ते दिग्दर्शिकाबाईंना जास्तच भयंकर वाटलं आणि पसंत पडलं. काम टिकलं.

संध्याकाळी रोद्याच्या दारात मी मुद्दाम तुझी अळंब्यांची बरणी बाहेरूनच पुढे केली.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" म्हणत त्याने आधी मला आत ओढलं, मग बरणी घेतली.

आता शांत झोप. बारीक झालाय मात्र.

तुझाच,
लुक्यान