टिटवीभोवतीचे सात दगड

आप्पा, गुरुवारपासून माझे हात थंड पडलेत. कारखान्यात टॉवेल तपासताना हाताला सुटलेला धागा लागतो, तोही या चार दिवसांत लागत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दोनदा विचारलं, ताप आहे का म्हणून. ताप नाही. भीती आहे. ती कुणाला सांगायची, याचा विचार करत बसले आणि शेवटी तुमची पक्ष्यांच्या नोंदींची वही काढली. तुमची शेवटची नोंद डाव्या पानावर संपते, उजवं पान कोरं आहे. तिथून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, मी आता सत्तावीस वर्षांची आहे, भवानी पेठेत राहते, आणि अजूनही या वहीत लिहिताना शाई सांडेल अशी धास्ती वाटते.

आपला तलाव तसाच आहे. तुम्ही राखणीला होता त्या लावणीतली झाडं मोठी झाली. कडुलिंब, बाभळी, मागच्या अंगाला सुबाभळीचं रान. आपली झोपडी होती तिथं आता नुसता ओटा उरला आहे. मी रविवारी सकाळी स्कूटीवर जाते, एका ग्रुपबरोबर पक्षी मोजायला. ग्रुपला मी कधी सांगितलं नाही, की मी याच ओट्यावर अक्षरं शिकले. शाळा लांब होती, मला आठव्या वर्षापर्यंत घातलं नव्हतं, आणि तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले. तुम्ही बाभळीच्या काटकीनं मातीत अक्षर काढायचात. ट टिटवीचा, ख खंड्याचा, ब बगळ्याचा. पुढं शाळेत बाईंनी टरबुजाचं चित्र दाखवलं तेव्हा मी ठासून टिटवी म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "टरबूज उडतंय व्हय? मग कशाला लक्षात ऱ्हाईल?"

पण अक्षरांच्या आधी तुम्ही मला चालायला शिकवलंत. मी सहा वर्षांची असेन. बांधाखालच्या माळावर टिटवी एकदम ओरडत उठली, मला खडकात तिची अंडी दिसली आणि मी आनंदानं बोट दाखवलं. तुम्ही ते बोट असं खाली ओढलंत की मनगट दुखलं. "बोट खाली. त्या लिंबावर कावळा हाय. त्यो तुज्या बोटाकडंच बघायलाय." मग शिकवलंत, घरटं सापडलं तर थांबायचं नाही. वाकायचं नाही. काही दिसलंच नाही अशा चालीनं पुढं निघून जायचं आणि लांब जाऊन, पाठ करून उभं राहायचं. मला ते जमत नव्हतं. पाठ केली की वाटायचं, आता मागं काहीतरी होईल. अजूनही तसंच वाटतं.

दुसरा नियम वहीचा होता. डोळ्यानं बघितलं तेवढंच लिहायचं. ऐकलं तर ऐकलं लिहायचं, कुणी सांगितलं तर सांगितलं लिहायचं. एकदा तुम्ही पूर्ण ओळ खोडलीत, कारण बदकं उडाली तेव्हा तुम्ही बिडी पेटवत होता आणि मोजणी अंदाजानं केली होती. मला हसू आलं होतं. तुम्ही हसला नाहीत.

आता गुरुवारचं सांगते. तलावाभोवती फिरायचा रस्ता होणार आहे. काम सुरू होण्याआधी आमच्या ग्रुपनं पक्ष्यांची नोंद करून द्यायची, असं ठरलं. मी एक दिवसाची रजा काढून एकटीच गेले होते. लावणीच्या मागं मुरमाची जुनी खाण आहे ना, तुम्ही मला जाऊ देत नव्हता ती? तिच्या काठावरून जाताना खालून टक टक आवाज आला. कुणीतरी चोच वाजवत होतं. बाभळीच्या मुळीखाली, कपारीत, कापसाच्या बोंडासारखी दोन पिल्लं. आणि त्यांच्या मागं, मातीच्याच रंगाचं, डोक्यावर दोन शिंगं असलेलं मोठं घुबड. नारिंगी डोळे माझ्यावर. मी थांबले नाही, आप्पा. वाकले नाही. तुमच्या चालीनं पुढं गेले आणि बांधावर जाऊन पाठ करून उभी राहिले.

रस्त्याच्या आखणीचे चुन्याचे फराटे बरोबर त्या काठावरून गेलेत. सोमवारी सकाळी खोदाईचं मशीन लागणार होतं.

मी फोन करून ग्रुपच्या सरांना एवढंच विचारलं, घरटं सापडलं तर काय करायचं. ते म्हणाले, "अगं, फॉर्ममध्ये रकाना आहे की. फोटो आणि लोकेशन टाक, ग्रुपवर पण टाक. नोंद नाही तर घरटं नाही, असंच धरतात." सर चांगले आहेत, त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. त्यातल्या तीस जणांना मी ओळखते. कॅमेरे घेऊन काठावर झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि जादूटोण्यासाठी घुबडाला अमावास्येच्या आधी कोण शोधत फिरतं, तेही मला ठाऊक आहे. लोकेशन टाकलं तर पिल्लं जातील. नाही टाकलं तर मशीनखाली जातील. मी फॉर्म उघडून बसले आणि त्या रकान्यावर बोट ठेवून तशीच राहिले.

तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. चाळिशीचा माणूस, खांद्यावर टॉवेल, मागं डिझेलचा कॅन बांधलेला. "ओ मॅडम, काय बघायलाव?" पक्षी, म्हटलं. "हिकडं घुबड दिसलं का कुटं? मोठं, शिंगाचं?" आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "नाही." त्यानं जरा वेळ माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाला आणि गेला. मी स्कूटीची किल्ली दोनदा पाडली.

त्या "नाही"नं मला झोपू दिलं नाही. त्या माणसाची भीती होती, उद्या तो परत येईल याची होती, पण त्याहून जास्त भीती त्या शब्दाची होती. घरट्याच्या बाबतीत मी याआधी एकदा खोटं बोलले आहे, आणि त्याचं काय झालं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी टिटवीनं माळावर, आपल्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर चार अंडी घातली होती. तुम्ही वहीत रोज दिवस मांडत होता. एकोणीस झाले होते. काका मैंदर्गीकडून मेंढरं घेऊन तलावावर पाण्याला आले. ते माळावर अंडी दिसली की बाजूला दगड मांडायचे, मेंढरं तिथून वळवायला. मी ते पाहिलं होतं. मेंढरं दुपारी माळावर येणार, तुम्ही लावणीच्या पलीकडच्या टोकाला होता, आणि मला वाटलं, आपणच वाचवायचं. मी पांढरे दगड शोधून आणले. सात. अंड्यांभोवती गोल मांडले. छान दिसत होते, म्हणून एक दगड थोडा सरळही केला. मेंढरं खरंच वळली. संध्याकाळी मी पळत बघायला गेले, तर दगड तसेच गोल आणि मधे काही नाही. टरफल नाही, पीस नाही. टिटवी वर ओरडत फिरत होती. माळावरून दिवसभर माणसं ये-जा करत होती. पांढरा गोल लांबूनच दिसत होता. कुणी नेली ते मला आजही माहीत नाही.

मी सातही दगड पाण्यात टाकले. तुम्ही आलात, खाली बसलात, जमिनीवर हात फिरवलात. मला इतकी भीती वाटली की तुम्ही विचारायच्या आधीच मी आपल्या कुत्र्याचं नाव घेतलं. "काळूनं खाल्ली."

"डोळ्यानं बघितलंस?"

"व्हय."

तुम्ही आणखी एक शब्द विचारला नाहीत. वही काढलीत आणि लिहिलंत: टिटवीची चार अंडी काळूनं खाल्ली. मुलीनं डोळ्यानं बघितलं. त्या वहीत साक्षीदार म्हणून मी पहिल्यांदा आले. अंड्याची चटक लागलेला कुत्रा तलावावर ठेवता येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी काकांच्या मेंढरांबरोबर तुम्ही काळूला पाठवून दिलंत. पाच दिवसांनी तो चालत परत आला. पंजे फुटले होते. तो तुमच्याकडं गेला नाही, माझ्याकडं आला. तुम्ही त्याला भाकरी घातलीत, पाय धुतलेत, तेल लावलंत आणि टेम्पोत घालून परत धाडलंत. तो टेम्पो वळेपर्यंत तुम्ही पाठ करून उभे होता. मी तेव्हा बोलू शकले असते. पुढं दोन वर्षं तुम्ही होता, तेव्हाही बोलू शकले असते. रोज ठरवायचे आणि रोज तुमचा चेहरा बघून गप्प बसायचे. मग तुमच्या छातीत कळ आली आणि तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं.

म्हणून काल, रविवारी, मी पुन्हा गेले. तो माणूस लिंबाखाली पिवळ्या मशीनची बकेट धूत होता. तेव्हा कळलं, मशीन त्याचं. मी दहा पावलांवर थांबले.

"दादा, गुरुवारी तुम्ही विचारलं होतं ना..."

"घुबडाचं व्हय? हाय न्हवं तितं खाणीत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमीच सांगितलाव की."

"मी नाही म्हटलं होतं."

"तोंडानं. दुर्बीण सगळीकडं फिरवत होताव, खाणीकडं तेवढी फिरवली न्हाय. आमचा आजा मेंढक्या. ज्याला घरटं म्हाईत हाय, त्यो तितं बघत न्हाय, म्हणायचा." त्यानं टॉवेलनं हात पुसले. "मी त्येला मागच्या आठवड्यात आखणीला आलो तवा उडताना बघितलं. बसतंय कुटं तेवढं म्हाईत न्हवतं. म्हणून तुमाला इचारलं, तर तुमी असं बघितलाव जसं काय मीच त्येला खातोय. मशीन चालवतो म्हंजी राक्षस हाय का? घरी कोंबड्या हायत माज्या, त्यास्नी बी मी भितो."

मला हसू आलं नाही, रडू आलं. मी खाणीकडं पाठ करून उभी राहिले आणि सांगितलं, माझ्या मागं, बाभळीची उघडी मुळी आहे, तिथून दोन्ही बाजूंना वीस पावलं नको. तोही माझ्याकडंच बघत उभा राहिला, मुळीकडं नाही. मुकादमाला सांगतो म्हणाला, तिथं मुरूम ढिला आहे, मशीन कलंडेल, आखणी लिंबाच्या अंगानं घ्या.

"ढिला आहे का?"

"न्हाय की. दगडासारखा हाय." मग जरा विचार करून म्हणाला, "पर उद्या मी नसलो, दुसरा डायवर आला तर? चार दगड मांडून ठिवू का खुणेला?"

"दगड नको!"

मी किती जोरात ओरडले ते पाण्यावरचे चांदवे पक्षी उडाले तेव्हा कळलं. तो दोन पावलं मागं सरला. "बरं बया, न्हाय ठिवत. मीच येतो उद्या. आरडू नका, घुबड उठंल."

आज सोमवार. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. आठला मशीन सुरू झालं. मी बांधावर उभी होते, खाणीकडं पाठ करून, तुम्ही शिकवलं तशी. आप्पा, इतकी भीती मला तुम्ही गेलात त्या दिवशीही वाटली नव्हती. तो मुकादमाशी बोलला का, मुकादमानं ऐकलं का, मला काही माहीत नव्हतं. धडधड लांब होती, मग जवळ आली. मुरूम सांडल्याचा आवाज आला. आणखी जवळ. पायाखाली बांध हलतो आहे असं वाटत होतं. वळून बघावं म्हणून मान आपोआप फिरत होती. वरच्या तारेवर घार बसली होती, ती माझ्याकडं बघत होती, म्हणून मी मान फिरवली नाही. मग इंजिनचा सूर उतरला. क्षणभर काहीच नाही. आणि मग मशीन मागं घेताना वाजतो तो टूं टूं आवाज. बराच वेळ वाजत राहिला, लिंबाच्या बाजूला गेला.

मी खाणीकडं गेले नाही. फॉर्मवर लिहिलं: घरटं आहे, जागा समक्ष सांगेन, ग्रुपवर टाकू नये. सर नाराज होतील. पिल्लं उडायला अजून काही आठवडे आहेत आणि रोज सकाळी माझे हात असेच थंड होणार आहेत. तुमच्या वहीत आजची नोंद केली: मशीन मागं फिरलं. आवाज ऐकला. बघितलं नाही. पिल्लं सुखरूप आहेत असं लिहिता आलं नाही.

मग मागची पानं उलटली. टिटवीची ओळ तुमच्या अक्षरात आहे, ती खोडायला माझा हात उठला नाही. तिच्याखाली दोन बोटं जागा होती. तिथं लिहिलं आहे: सात दगड मी मांडले होते. अंडी कुणी नेली ते मी बघितलं नाही. काळू त्या दिवशी माळावर गेलाच नव्हता. तो दुपारभर झोपडीच्या दारात, माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला होता. ते मी डोळ्यानं बघितलं होतं.