न हलणारा डाग

सालवड, बोईसर
८ डिसेंबर १९६८

प्रिय सुगंधा,

मी बरा आहे. मनोरला आई-बाबा बरे असतील. काल पंढरी येऊन गेला. चहा त्यानेच केला; तुझ्या भावाला जमतो, मला अजून जमत नाही. ट्रंक द्यावी आणि तिच्यात काजळाची डबी असावी, असा तुझा निरोप सांगितला. ट्रंक मागवायची म्हणजे तू परत येणार नाहीस का, ते मी विचारलं नाही. रविवारी तो न्यायला येईल. साड्या आणि शिवणाचं सामान भरलं आहे. डबीचं पुढे लिहितो.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम जोरात आहे. दिवसभर नकाशाखान्यात पाइपांच्या रेघा ओढतो. तू गेल्यावर दुर्बीण पुन्हा पेटीतून काढली. सकाळी कामावर जाण्याआधी तिच्यातून कागदावर सूर्याची प्रतिमा पाडतो आणि त्याचे डाग गिरवतो. यंदा डाग पुष्कळ आहेत.

दुर्बीण आणली तेव्हा तू विचारलं होतंस, एवढ्या आगीत काळं काय असतं. मी चुलीवरचं आधण दाखवलं. तळाचं तापलेलं वर येतं, वरचं निवून खाली जातं. सूर्य असाच ढवळत असतो. तू म्हणालीस, "मग डाग म्हणजे झाकण का हो?" झाकण नव्हे. तिथे चुंबकाचा जोर इतका असतो की ढवळणंच अडतं. खालची उष्णता वर पोचत नाही, म्हणून तेवढी जागा निवते. निवते ती आजूबाजूच्या मानाने. तोच डाग एकटा आकाशात ठेवला, तर त्याच्याकडे बघवणार नाही.

सूर्य फिरतो, त्यामुळे डाग रोज थोडे सरकतात आणि कडेला जाऊन दिसेनासे होतात. त्यांतला एक सरकेना. मी तो रोज गिरवत राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या रामकिसनने माझे कागद एकावर एक धरून उजेडाकडे नेले. म्हणाला, "भगवंता, बाकीचे समदे पुढं गेले, ह्यो एकटाच बसून हाय की. तुझ्यावानी."

घरी येऊन दुर्बिणीचं डोळ्याजवळचं भिंग फिरवून पाहिलं. डागही फिरला.

ते काजळ होतं. दुर्बीण घरात आली त्या सकाळी तू आपल्या सुलूच्या गालाला तीट लावलीस आणि तेच बोट भिंगावर टेकवलंस. नव्या वस्तूला दृष्ट लागते म्हणालीस. त्याच आठवड्यात सुलूला ताप भरला.

दुर्बिणीला दृष्ट लागली नाही.

आता डबी. शोधतो, असं मी पंढरीला सांगितलं. शोधत नाही. ती इथे नाही. सुलूला मातीत ठेवलं तेव्हा तुम्हा बायकांना घरीच थांबवलं होतं. डबी मी तिच्या मुठीपाशी ठेवली. तिथे तिला तीट कोण लावणार, एवढंच मनात आलं.

तू केलेलं काजळ भिंगावर आहे, तेवढंच उरलं. भिंग काढून तिच्या झबल्यात गुंडाळलं आहे. ट्रंकेत सर्वांत वर ठेवलं आहे. दुर्बीण आता नुसती नळी आहे. ती राहू दे माझ्याकडे.

भिंग पुसू नकोस.

सुलूचे बाबा,
भगवंत