अकरा मार्क, कितीपैकी?

मी, श्रीरंग एकनाथ टिपणीस, वय वर्षे बासष्ट, राहणार मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल काही लिहून देण्यास त्यांनी नकार दिला.

१. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः मार्चमधले, ज्यात मी चिडून माझा चेंडू मुलाऐवजी मेलबर्नच्या जुन्या क्लबला देऊन टाकला होता.

२. घर आणि बँकेतली शिल्लक एकुलता मुलगा सत्यजित याला. त्याबद्दल वाद नाही.

३. मी मेलबर्नला दहा वर्षे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळलो. दोनशे अकरा सामने. लोक रस्त्यात अडवून सह्या घेत. हा खेळ रग्बी नाही. सॉकर नाही. इथले लोक हेल्मेट घालून खेळतात तोही नाही. २००१ पासून या गावात हे सांगून सांगून माझे तोंड दुखले, म्हणून आता कायदेशीर कागदावर लिहितो. गणपतीत मंडळाचा राजेश दरवर्षी माइकवरून म्हणतो, "आणि हे आपले रग्बी चॅम्पियन काका!" सबब माझा क्लबचा ब्लेझर मंडळाला देऊ नये. त्यांनी तो फॅन्सी ड्रेससाठी दोनदा मागितला आहे.

४. बूट नात कादंबरीला. "आजोबा, दॅट्स नॉट फुटबॉल," असे ती म्हणाली, पण निदान तिने ते घालून तरी पाहिले.

५. आता चेंडू. आमचा क्लब जिंकला त्या अंतिम सामन्याचा. लांबून लाथेने उडवलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला की त्याला मार्क म्हणतात. मी समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून झेलत असे. त्या दिवशी अकरा झेलले. मैदानावरच्या क्लबच्या फोनवरून घरी वडिलांना फोन केला.

"आप्पा, आज अकरा मार्क मिळाले!"

"कितीपैकी?"

त्याच शहरात राहून आप्पा माझ्या एकाही सामन्याला आले नाहीत. ते मी त्यांना कधीही माफ केले नाही.

६. मार्चमध्ये सत्यजितने मंडळाच्या एकांकिकेत काम केले. गुडघ्याचे निमित्त सांगून मी घरीच बसलो. तोंडाला रंग तसाच ठेवून तो धावत आला. "बाबा, तीनदा टाळ्या पडल्या!"

टीव्हीवरची नजर न काढता मी विचारले, "कितीपैकी?"

तो वर निघून गेला. सकाळी म्हणाला, "तुमच्या रग्बीच्या मॅचनंतर तुम्हांला कोणी असं विचारलं असतं तर?" त्यातले मला फक्त 'रग्बी' ऐकू आले. त्याच दुपारी ते मृत्युपत्र केले. बाकीचे वाक्य ऐकू यायला मला सात महिने लागले. लाज वाटते.

७. म्हणून चेंडू सत्यजितला. अट कोणतीही नाही. येत्या २५ तारखेला त्याचे दुसरे नाटक आहे. तोवर हयात असल्यास मी पहिल्या रांगेत असेन, आणि नंतर काहीही विचारणार नाही.

चेंडूला त्याने रग्बीचा म्हटले तरी चालेल.

साक्षीदार:
(१) डॉ. नीला गद्रे
(२) राजेश करमरकर. सर्व वाचून "म्हणजे रग्बी नव्हे?" असे विचारून सही केली.

स्थळ: मॉरिसव्हिल
दिनांक: १४ ऑक्टोबर २००८
सही: श्री. ए. टिपणीस