पेनरोजचे गाल

३ मार्च १९३८, हॉलिवूड
दोन वर्षं अमेरिकेत भटकून इथे पोचलो एकदाचा! दारात लिंबाचं झाड, शेजारी सगळे आपलेच इंग्रज. चारला चहा, रविवारी क्रिकेट. लंडनच्या रंगमंचावर बावीस वर्षं घसा फोडला तेव्हा मला, एडविन ट्रेलॉनला, कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. इथे नुसत्या उच्चारांवर बटलरची भूमिका मिळाली. माझी बायको मेबल लंडनहून २६ला येतेय. दोन वर्षांनी भेटणार! मला पाहून ती कशी हसेल, तेच डोळ्यांपुढे येतंय.

५ मार्च
बटलर म्हातारा, म्हणून रबराचं नाक आणि लोंबते गाल लावायचेत. मापासाठी तोंडावर ओलं प्लास्टर थापतात, श्वासाला नाकात दोन नळ्या. ऐकूनच मला घाम फुटला. रंगभूषाकार गस म्हणाला, "घाबरताय कशाला साहेब? ऑब्री पेनरोजच्या तोंडाचा साचा आहे की! तुमच्यासारखंच लांबोडं तोंड. जन्मभर बटलरच केला बिचाऱ्यानं, नाताळात गेला." मी सुटलो म्हणून लगेच हो म्हणालो.

११ मार्च
गाल चपखल बसले. दिग्दर्शक खूश. क्रिकेटच्या कप्तानाने पाठीवर थाप मारून मला पेनरोज म्हणून हाक मारली. सगळे हसले, मीही हसलो. रबर सोडवायला मात्र तास लागला.

१७ मार्च
आज तीन तास. रबराच्या गालाला चिमटा काढला, तर दुखलं. गसला सांगितलं, तर म्हणे नाटकवाल्यांची नाटकं संपत नाहीत.

२१ मार्च
कानाजवळची रबराची कड सापडत नाही. गसने बराच वेळ नखाने चाचपलं. मग हात धुतले आणि निघून गेला. मी तसाच घरी आलो.

२३ मार्च
खुर्चीत बसवत नाही. दार वाजलं की ताठ उभा राहतो. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

२५ मार्च
उद्या मेबल. वस्तऱ्याने कड शोधली. रक्त आलं. रबराला रक्त—

२६ मार्च
स्टेशनवर मेबल गाडीतून उतरली. मी धावलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हातात पेटी दिली. "जपून हं, आत काचेचं आहे. आमचे हे दिसले का हो कुठं? उंच आहेत."
"मेबल, मीच गं" म्हणायला तोंड उघडलं. निघालं ते— "या बाईसाहेब. साहेब घरी येतीलच."
आता घरी खिडकीशी बसून ती माझी वाट पाहतेय. चहा दिला. ओळखलं नाही— विसरायच्या आत नाव लिहून ठेवतो. तिची घंटी वाजतेय— माझं नाव ऑब्