न विचारलेलं उत्तर

बाबा, ही परीक्षा पुस्तकं उघडी ठेवून द्यायची असते. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, "मंग ते परीक्षा काहाची?" सी.ए.च्या शेवटच्या टप्प्यातला शेवटचा पेपर. त्यात एका कंपनीची लांबलचक गोष्ट देतात. मालक कोण, त्याचा भाऊ कोण, कारखान्यात काय बिघडलं, कोणत्या नोटिशीला उत्तर द्यायचं राहून गेलं, सगळं पानामागून पान. आणि मग विचारतात, सांगा, या लोकांनी आता काय करावं? पुस्तकं वाटेल तितकी न्या, कोणी अडवत नाही. मी पिशवी भरून नेली होती, बुलढाण्याहून अकोल्यापर्यंत एस.टी.त मांडीवर धरून बसले होते. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय विकाले नेऊन राह्यली, बाई?" आणि त्या सगळ्या ओझ्यासकट नापास होऊन परत आले. एकदा नाही, पुन्हापुन्हा. बाकीचे पेपर निघायचे, हा अडायचा, आणि हा अडला की त्याच्या सोबतचे सगळे नव्यानं द्यायचे. माझी पोरगी बारावीला. एकाच टेबलावर आम्ही दोघी अभ्यासाला बसतो आणि ती मला विचारते, "आई, तुझं कधी संपणार?" सांगा, काय उत्तर देऊ तिला?

ज्यांच्या ऑफिसात मी इतकी वर्षं काम करते ते सी.ए. साहेब आता थकलेत. गुडघे साथ देत नाहीत, जिना चढला की ते आधी खुर्चीत बसून गुडघे चोळतात. त्यांना ऑफिस माझ्या हाती द्यायचंय. पण जिला सही करायचा अधिकार नाही तिच्या हाती ते देणार काय? ही परीक्षा नाही निघाली, तर ते अकोल्याच्या एका मोठ्या फर्मला सगळं सोपवून मोकळे होणार होते, आणि मग माझ्या टेबलावर कोणीतरी नवीन पोरगा बसणार होता. म्हणून तेच माझे सरावाचे पेपर तपासायचे. एकदा त्यांनी माझा पेपर पुढ्यात टाकला. सगळी उत्तरं बरोबर होती. तरी खाली लाल शाईत एकच शब्द, "मग?"

मी म्हटलं, "मग काय? जे विचारलं ते सगळं लिहिलंय."

"तेच तर," साहेब म्हणाले. "मालकानं विचारलं, नवीन मशीन घेऊ का? तुम्ही सांगितलं, घ्या. पण त्याच पानावर लिहिलंय की कारखान्याचा परवाना संपत आलाय. ते त्यानं विचारलं नाही म्हणून तुम्ही सांगणार नाही? माणूस खड्ड्यात चाललाय आणि तुम्ही त्याच्या चपलेचा नंबर सांगताय!"

बाबा, तेव्हा मला साहेबांचा राग आला नाही. तुमचा आला.

ती दुपार तुम्हाला आठवते का? डोणगावचे लोक जीप करून ताईला बघायला आलेले. बाहेरच्या खोलीत तुम्ही नव्या सदऱ्यात बसलेले, आई पोहे भरतेय, ताई साडीच्या निऱ्या पुन्हापुन्हा सारख्या करतेय. मुलाची आत्या पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येते आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारते, "काय वं पोरी, तुही बहीण कशी हाये?" मी शाळकरी पोर. मला वाटलं ताईचं कौतुक करावं. मी म्हणाले, "लय चांगली हाये. आता तं किती दिवस झाले, फिट बी नाही आली."

आत्याबाईंनी पाण्याचा पेला न पिताच ओट्यावर ठेवला. जीप गेली. पोहे तसेच राहिले. तुम्ही मला मारलं नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही मला अंगणात उभं केलं आणि कोर्टातल्या माणसाशी बोलावं तसं बोललात. कोर्टात कारकून होतात ना, रोज साक्षी ऐकायचात. "पिंजऱ्यात उभा राह्यलेला माणूस कायनं मरते, ठाऊक हाये? न विचारलेल्या उत्तरानं. जेवढं विचारलं तेवढंच सांगत जाय. एक शबुद जास्त नाही. समजलं?" मी म्हटलं, "हाव." ताई आतमध्ये ताटल्या घासत होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

मी तुमचं ऐकलं. ऐकण्यात मी हुशारच होते. शाळेत तेवढंच लिहिलं, कॉलेजात तेवढंच लिहिलं, आणि मार्कही भरपूर मिळाले. सासरी कुणी विचारलं नाही तोवर मी आजारी आहे हेही सांगितलं नाही. सासूबाई सगळीकडे सांगत फिरायच्या, सून मोठी समजदार, तोंड उघडत नाही. आणि आता या वयात एक परीक्षा येते आणि म्हणते, तोंड उघड! अहो, कसं उघडू? त्याला इतक्या वर्षांचा गंज चढलाय.

त्याच दिवसांत संग्रामपूरकडची एक छोटी कंपनी आमच्याकडे आली होती. शेतकऱ्यांनी मिळून भाजीपाला विकायला काढलेली. अध्यक्ष म्हणवणारा गृहस्थ आपल्या वहिनीला सह्यांसाठी घेऊन आला होता. त्या बाई डोक्यावरचा पदर सावरत माझ्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "कुठं करू सही? दाखवा." मी बोट ठेवलं की माझं काम संपणार होतं. मी बोट ठेवलं. त्यांनी पेन उचललं. आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "ताई, तुम्ही या कंपनीच्या संचालक आहात. उद्या काही चुकलं तर जबाब तुम्हालाही द्यावा लागेल. हे माहीत आहे ना?"

"मी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मले तं सांगतलं बचत गटाचा कागद हाये म्हणून."

"वहिनी, करा बरं सही," दीर म्हणाला. "बसची येळ होऊन राह्यली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मंग हे मले पह्यले वाचून दाखवा."

त्यानं फाइल ओढून काखेत मारली. जाताजाता साहेबांना म्हणाला, "तुमच्या हापिसात लय शिकोतेत बे लोकायले!" ते गेल्यावर साहेब माझ्यावर उखडले. "मी परीक्षेत लिहा म्हटलं होतं! इथं नाही!" मलाही संताप आला. म्हटलं, "साहेब, मग एकदा ठरवा ना. सांगायचं की नाही सांगायचं?" त्यांनी चहा मागवला आणि तो स्वतः एकट्यानं प्यायले. पुढचे कित्येक दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं, माझे पेपर तपासणंही बंद. पुरुषांना दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत धाडस फार आवडतं, स्वतःच्या ऑफिसात नाही. तुम्हीही काही वेगळे नव्हतात.

मग एके सकाळी त्या बाई एकट्याच आल्या. खामगावला गाडी बदलून आल्या होत्या, तीच फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. माझ्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "दिराशी भांडून आणली. वाचा आता. सावकाश वाचा, मले घाई नाही." मी वाचत गेले, त्या मधेमधे थांबवून विचारत राहिल्या. शेवटी दोन कागदांवर त्यांनी सही केली, एकावर नाही केली. साहेब दारात उभे राहून ऐकत होते. बाई गेल्यावर फक्त म्हणाले, "बरं झालं." एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून माझे पेपर पुन्हा तपासायला लागले.

या खेपेच्या परीक्षेत कंपनीच्या मालकानं फक्त कराबद्दल विचारलं होतं. मी कराचं उत्तर लिहिलं, खाली रेघ मारली आणि हात थांबला. अंगणात तुम्ही उभे. मला इतका वैताग आला म्हणून सांगू! आजूबाजूला पोरंपोरी पानं फडफडवत लिहिताहेत, घड्याळ पळतंय आणि मी मेलेल्या बापाशी मनातल्या मनात भांडत बसलेय. शेवटी चिडूनच लिहिलं: तुम्ही विचारलं नाही, तरी सांगणं भाग आहे की तुमच्या धाकट्या सहसंचालकाला यातलं काहीच माहीत नाही, आणि आधी त्याला सांगा. लिहिताना अक्षर इतकं बिघडलं की तपासणाऱ्याला वाचता तरी येईल का, याची शंका होती.

आलं असावं. मी पास झाले, बाबा.

पेढे घेऊन मी मेहकरला ताईकडे गेले. ती पोळ्या लाटत होती. तिचं बरं चाललंय. गोळ्या सुरू आहेत, फिट आता येतच नाही, आणि भाऊजी तिला जिवापाड जपतात. पेपरचं सगळं सांगितलं, तुमच्या नावानं बोटंही मोडली. ती लाटणं थांबवून म्हणाली, "काऊन बोलतं त्यायले? ह्यायच्या घरचे आले तवा बाबानं सोताच सांगतलं होतं. पाणी देल्यावर पह्यली गोष्ट तेच. म्हणे, पोरीले फिट येते, औषध चालू हाये, पटत असंल तं बसा, नाही तं चहा घेऊन जा."

"कधी?" मी विचारलं. "मले कोणी सांगतलं नाही!"

"तू तवा हॉस्टेलले होती ना." आणि मग पुन्हा लाटायला लागत ती म्हणाली, "हे आधीच सांगणं बाबा तुह्याच्यानच शिकले म्हणे. आईले म्हणत होते."

आईला म्हणालात! ताईला माहीत, भाऊजींना माहीत, कदाचित साऱ्या मेहकरला माहीत. फक्त मला नाही. तुम्ही स्वतःपुरता नियम मोडून मोकळे झालात आणि मला त्याच अंगणात उभं ठेवून निघून गेलात. एक वाक्य, बाबा. सुट्टीत घरी आले तेव्हा जेवताना म्हणायचं होतं, पोरी, ते मी बोललो ते चुकलं. निदान स्टँडवर सोडायला यायचात तेव्हा. गाडी लागेपर्यंत शेजारी गप्प उभे असायचात, खिडकीतून शेंगदाण्याचा पुडा द्यायचात आणि मास्तरासारखं म्हणायचात, "नीट जाय." मला वाटायचं, अजून रागच आहे. इतकी वर्षं वाटलं. हे तुम्हाला चाललं कसं?

ताईनं मला पोळी वाढली आणि म्हणाली, "जेव आता." मी जेवले. काय करणार होते?

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, ते टेबलाच्या खणात राहील. एक मात्र सांगते. आधी हे मी आपल्या घरच्या बोलीत लिहायला घेतलं होतं. "बाबा, तुमी मले काऊन नाही सांगतलं," इतकं लिहिलं आणि पुढं लिहिता आलं नाही. मग तो कागद बाजूला सारला आणि ऑफिसात साहेबांशी बोलते तसल्या शुद्ध मराठीत सुरुवात केली. तिच्यात राग नीट धरून ठेवता येतो.