आईचं वय किती धरायचं

मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

भात कापायचं सोडून आज भोरला. आईला तीन दिवस थंडी वाजून ताप, लघवीला आग, कंबर धरून बसते. डॉक्टर सुलक्षणा मॅडमनी लघवी तपासली, म्हणाल्या जंतुसंसर्ग आहे, वर किडनीकडे सरकतोय. बरं, मग औषध द्या! तर आधी वजनकाट्यावर उभं केलं. पन्नास किलो. वय विचारलं, मी आधार कार्ड पुढं केलं. मग किडनीसाठी रक्त काढलं. आई म्हणाली, "बाई, मला आजाराचं बगताय का बाजारला न्हेताय?" सगळा दवाखाना हसला. मला हसू आलं नाही.

पहिली गोळी तिथंच दिली. पुढची कधी, ते म्हणे रक्ताचा रिपोर्ट आल्यावर फोनवर सांगतील. एक गोळी किती दिवसांनी द्यायची याला एवढं शास्त्र!

बुधवार, ६ नोव्हेंबर

फोन आला. गोळी एक दिवसाआड. — एक दिवसाआड! गोळी आहे का उपास?

मी विचारलं, ताप रोज येतो आणि गोळी एकाआड कशी? म्हणाल्या, "काका, हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. वय, वजन आणि रक्तातलं क्रिएटिनिन मिळून किडनी किती काम करते त्याचा अंदाज काढतात. आजींची किडनी मंद दिसतेय. रोज दिली तर औषध अंगात साचेल, मग भ्रम होतो, झटके येतात." ऐकून घेतलं. पटलं नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

दुसरी गोळी दिली. ताप आहेच.

शेजारचा गेनबा आला. त्याला उन्हाळ्यात हाच आजार, हीच गोळी. त्याला रोज एक होती, पाच दिवसांत उठून बैल पाण्यावर नेत होता. म्हणाला, "तुजी डाक्टरीन लई हात राखून वाढती रं. सासूबाई हाय का काय?" अंजना आतून म्हणाली, "भावजी, तुमी चाळीशीतलं गडी, त्या म्हाताऱ्या. एका मापानं कसं चालंल?" बायकोला कळतं ते मला कळत नाही. पण रात्रंदिवस कण्हणं मी ऐकतो ना!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ताप एकशे दोन. आज गोळीचा दिवस नाही. तरी पाकिटातून काढून आईपुढं धरली. म्हणाली, "आज न्हाई. बाईनी उद्याला सांगितलीय." मी ओरडलो. कधी नव्हे तो आईवर ओरडलो. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

गोळी परत ठेवताना डॉक्टरांचा कागद हातात आला. आईच्या नावापुढं लिहिलंय — वय ७८.

कागद उजेडात नेऊन पुन्हा वाचला.

अठ्ठ्याहत्तर मी केलंय! दोन वर्षांमागं पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा कार्ड दुरुस्त करताना मीच जन्माचं वर्ष मागं ढकलून सांगितलं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या त्या साली अशाच वाढल्या. कुणाला त्यात पाप वाटलं नाही. मलाही नाही, रोज माळ ओढणाऱ्याला.

आईच्या लग्नात ती सतराची होती, हे वडील नेहमी सांगायचे. मी थोरला, म्हणजे वर्षाच्या आतला. मला आता एकोणपन्नासावं. म्हणजे ती सहासष्ट-सदुसष्टची. बारा वर्षं मी वाढवली, आणि मॅडमनी तीच धरून हिशोब केला. चार दिवस दुसऱ्यावर चिडतोय!

संध्याकाळी देवापुढं बसलो. डोळे मिटेनात.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहिल्या एसटीनं एकटाच भोर. बाहेर बाकावर अर्धा तास शब्द जुळवले. आत गेल्यावर एकदम बोलून टाकलं — कार्डावरचं वय खोटं आहे, मी लावलंय.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, मी विचारलं तेव्हा तुम्ही कार्ड दिलंत. तोंडानं सांगायचं होतं." मग पुन्हा आकडे मांडले. "किडनीच्या आकड्यात आजी सीमारेषेवर आहेत. अठ्ठ्याहत्तर धरलं तर अलीकडं, एकाआड; सहासष्ट धरलं तर पलीकडं, रोज. सहासष्ट नक्की ना?" मी नक्की म्हणालो. "मग आजपासून रोज एक. ताप फक्त त्यामुळंच राहिला असं मी म्हणणार नाही. पण वय खरं हवं. भ्रमल्यासारखं बोलल्या तर लगेच आणा."

घरी येऊन गोळी दिली. आईचे पाय धरले. म्हणाली, "सोड, गुदगुल्या व्हत्यात."

रविवार, १० नोव्हेंबर

सकाळी ताप नाही! पेज मागून प्याली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

वेल्ह्याहून कोंडिबामामा आला होता. आईचा थोरला भाऊ. तिला बसून बोलताना बघून खूश. दुपारनंतर त्याला फाट्यावर सोडायला गेलो. वाटेत वयाची सगळी गोष्ट सांगितली, म्हटलं सहासष्टची आई अठ्ठ्याहत्तरची करून बसलो होतो.

मामा थांबला. "सासष्ट? एकसष्टला पानशेतचं धरान फुटलं तवा तुजी आई, धोंडी, धा वर्साची व्हती. माज्या पाठीवर बसून पानी बगितलं तिनं."

मी म्हटलं, मामा, लग्नात सतरा, वर्षाच्या आत मी —

"वर्साच्या आत तू न्हाईस रं. लगीन झाल्यावर सात वर्सांनी तू. तुज्या आदी दोन झाली व्हती. ऱ्हायली न्हाईत."

एसटी आली. तो चढला.

तिथूनच मॅडमना फोन लावला, मामाच्या हिशोबानं त्र्याहत्तर होतात म्हणालो. रोज एक सुरू होऊन तीन दिवस झालेत. मॅडम म्हणाल्या, उद्याची गोळी थांबवा, रक्त पुन्हा बघू. मग विचारलं, "आता वय किती धरू?" मी म्हणालो, आईलाच विचारून सांगतो.

ती आत चुलीपाशी बसली आहे. मी अजून ओट्यावरच.