म्हाताऱ्याची काडतुसं

११ एप्रिल १९७९
वहीबाई, म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं गेल्या वर्षीच तुला सांगितलं होतं. विसरलीस ना! पान उलटलं की तुझं डोकं साफ. मला अक्षर येत नाही, म्हणून माझं सगळं ध्यानात राहतं. लिहितेय माझी नात फ्लॉसी. ती हसतेय — तेही लिही गं.

तर पुन्हा ऐक. माझ्या म्हाताऱ्याच्या, कुपाकच्या, डोळ्यांत धुकं उतरलंय. चाळीस वर्षं देवमाशाच्या शिकारीला बर्फावर छावणी पडते, आणि पांढऱ्या अस्वलांवर पहारा त्याचा. अस्वल त्याला कानांनी कळतं, बार हवेतच काढायचा. पण डोळ्यांचं शिकारीच्या म्होरक्याला, नावाड्याला कळलं, तर म्हणेल, "आजोबा, घरीच बसा." घरी बसला की महिन्यात वाळेल तो! म्हणून त्याची काडतुसं मी गुपचूप निवडते. फुसका बार म्हणजे अस्वल तंबूत.

१२ एप्रिल
हिरवं चढलेलं पितळ बाजूला. गोळी हलते, ते बाजूला. बुडाची टिकली दबलेली, म्हणजे बार उडायचाच नाही, ते तर बंदुकीजवळही नको. वीस चांगली निघाली. म्हाताऱ्याच्या तंबाखूच्या डब्यात भरली. त्याला वाटतं, त्यानेच निवडली. वाटू दे.

१५ एप्रिल
नातजावयाने घात केला! फ्लॉसीचा वेंडेल दक्षिणेकडचा, उबेतला माणूस. आजेसासऱ्याची सेवा म्हणून बंदूक पडवीतून आत आणली, शेगडीपाशी ठेवली, वर भरपूर तेल पाजलं. नळीला घाम फुटलेला.

"अहो जावईबापू, बंदूक आहे ही, बाळंतीण नव्हे!"

"पण आजी, गंजेल ना..."

"आत आणलीत म्हणूनच गंजेल. आणि बाहेर हे तेल गोठून डिंक होईल."

मग बसवला त्याला. सगळं खोलून रॉकेलने धुवायला लावलं, कोरडं खटखटीत पुसायला लावलं. नाक लाल करून पुसत होता बिचारा. पोरगं गुणी आहे. (फ्लॉसी, हे त्याला वाचून दाखवू नकोस.)

१६ एप्रिल
बंदूक परत थंड पडवीत. सकाळी रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायला लावला. टक्! तेल राहिलं असतं तर थप्प वाजलं असतं.

२४ एप्रिल
गेले सगळे छावणीवर. वेंडेलही. म्हातारा वळून न बघता गेला. बघून तरी काय दिसणार होतं!

२ मे
डोनट तळून पाठवले. फ्लॉसी म्हणाली काळे झालेत. शेगडीच द्वाड आहे.

५ मे
रेडिओवर निरोप — छावणीत अस्वल आलं. पुढे नुसती खरखर. दिवसभर हातात शिवण, टाका एकही नाही.

६ मे
वेंडेल आला. सगळे सुखरूप! म्हाताऱ्याने सगळ्यांच्या आधी चाहूल घेतली, पहिल्याच बाराला अस्वल पळालं. मग वेंडेलने माझ्या तळहातावर एक काडतूस ठेवलं. बोटाने चाचपलं. बुडाची टिकली दबलेली.

"आजोबा म्हणाले, हे तुमच्या विसांतलं. दरवर्षी एखादं निघतं. ते नंतर गुपचूप बोटांनी तपासतात. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले, पण डोनट खाल्ल्यावर म्हणाले, आता सांग."

फ्लॉसी, रडू नकोस, लिही. उद्या छावणीवर जाणाऱ्या बर्फगाडीने गोठलेले मासे, सीलचं तेल आणि कॅरिबू हरणाचा रस्सा पाठव. आणि डोनट तू तळ — मला जळलेले दिसत नाहीत.